टिंबांच्या जागी

२०२३ सालचा मार्गशीर्ष. साताऱ्याला अवधूतच्या घरी लेकीच्या हळदीची तयारी चालली होती, आणि नवरी खाटेवर पाय हलवत मोबाइलमधून उखाणे निवडत होती.

"आजी, हा ऐक. लाखो लोकांनी बघितलाय," श्रद्धा म्हणाली.

मागे ढोलकीचा ठेका, आणि पडद्यावर नटलेली एक मुलगी मान वेळावत म्हणत होती:

"सायकली सुटल्या शेकडो, भोंगा झाला पाचाला,
...रावांची घंटी कळते माझ्या कानाला."

नावाच्या जागी तिनं लाजून ओठांवर बोट ठेवलं. खाली अक्षरांत तिथं नुसती टिंबं होती.

लसूण सोलणारे उमाबाईंचे हात थांबले.

"ह्यो माजा हाय."

श्रद्धा हसली. "आजी, इथं 'पारंपरिक उखाणा' लिहिलंय."

"पारंपरिक कशाचा? तुजं आजोबा कुपवाडला कारखान्यात हुतं, तवाचा. लग्नानंतरच्या पैल्या संक्रांतीला मीच जुळवला."

कोपऱ्यात तांदूळ निवडणाऱ्या धोंडुबाई म्हणजे उमाबाईंची थोरली नणंद. त्यांनी मान वर केली. "व्हय गं पोरी, मी हुते की तितं. पर आमच्या गंग्याची घंटी फुटकी हुती. खर्रर्र करायची. आख्ख्या कुपवाडाला कळायची, हिच्या कानाचं काय यवडं कवतिक!"

सगळे हसले. उमाबाईही हसल्या. त्या संक्रांतीला हळदी-कुंकवाला जमलेल्या बायकांनी तो उखाणा उचलला होता. कुणी मेढ्याला नेला, कुणी मलकापूरला, आणि जिनं तिनं त्यात आपल्या नवऱ्याचं नाव घातलं. तेव्हा उमाबाईंना त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

उमाबाईंचा मुलगा अवधूत आत आला. शाळेत मास्तर, दिवाळी अंकांत कविता लिहिणारा. हकिगत ऐकून तो तापलाच.

"ही सरळ चोरी आहे. श्रद्धा, खाली लिही, ही रचना श्रीमती उमाबाईंची. आज नाही लिहिलं तर कायमची गेली."

"बाबा, उखाण्याला कुठं कवी असतो? आणि परवा तुम्हीच म्हणालात, रीलवर असतं त्याला कला म्हणत नाहीत."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

अवधूत हार मोजायला निघून गेला.

उमाबाईंना मात्र त्याचं बोलणं लागलं. भाकऱ्या, लोणची, वाकळा. जन्मभर हातानं जे केलं ते खाऊन, वापरून संपलं होतं. हे तेवढं उरलं होतं, तेही बिननावाचं.

"लिही गं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आदी बाकीच्यांनी काय लिवलंय त्ये वाच."

श्रद्धा वाचू लागली. "लालासाहेबरावांची. केरबारावांची. राजरत्नरावांची. अगं आजी, इथं सगळ्या बायकांनी टिंबांच्या जागी आपापली नावं घातलीत! ही बघ, 'आमचे गेले, तरी घेते. बाबूरावांची.'"

"काय म्हनली ती? परत वाच."

श्रद्धानं परत वाचलं.

नवरा गंगाधर गेल्यापासून उमाबाईंना कुणी नाव घ्यायला सांगितलं नव्हतं. विधवेला कोण सांगतं? उद्या मांडवातही त्या मागच्याच रांगेत बसणार होत्या.

"मग आजी, तुझं पूर्ण नाव लिहू?"

"माजं ऱ्हाऊ दे. त्येंचं लिही."

श्रद्धानं टिपलं: गंगाधररावांची.

"फुटकी हुती म्हनून पन लिही," धोंडुबाई म्हणाल्या.

तेही लिहिलं गेलं.

श्रद्धाचं लग्न झालं. मांडवात तिनं दुसराच उखाणा घेतला. तिचा नवरा राजस घरी बसून संगणकावर काम करतो, त्याच्या घंटीकडे कान कसा लावणार? दोघं आता पुण्यात असतात. धोंडुबाई पुढच्याच चैत्रात गेल्या. अवधूतचा कवितासंग्रह निघाला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तो कौतुकानं नेला.

उमाबाई अजून कुपवाडच्या जुन्या घरीच राहतात. भोंगा बंद होऊन बरीच वर्षं झाली. संध्याकाळी दारावरून मोटारसायकली जातात. श्रद्धानं त्यांना एक जुना मोबाइल दिलाय. मध्यंतरी त्या नावाखाली कुणा अनोळखी बाईनं विचारलं होतं, 'फुटकी होती, तरी कळायची?'

चष्मा पुसून, एकेक अक्षर बोटानं शोधत उमाबाईंनी स्वतः उत्तर लिहिलं.

'व्हय.'