शेवटचे तीन सेकंद

मित्रांनो, मी बर्फ किसायची एक जुनी लोखंडी किसणी आहे. जावा बेटावरच्या चेपर गावी लोखंडाच्या भट्टीत मला ओतलं. मगलांगच्या शाळेच्या फाटकापाशी तुगिमान फेरीवाल्याने मला एकतीस वर्षं फिरवलं. लाल सरबताने मुलांच्या जिभा रंगत. शाळेतल्या सुमार्नीबाई त्यांना रागवायच्या आणि शाळा सुटली की स्वतः दोन वाट्या खायच्या.

तुगिमान गेल्यावर मी कोंबड्यांच्या खुराड्यात पडले. मग त्याच्या मुलीने मोबाइलवर माझा आठवडाभराचा लिलाव लावला. निवृत्त सुमार्नीबाई रोज थोडी थोडी बोली वाढवत होत्या. रविवारी चारला तीन सेकंद उरले असताना कॉफीवाल्या हेंद्रोने एकच बोली लावली आणि मला नेलं. माझ्यात त्याने नेच्याचं रोपटं लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई दुकानात हजर.

"आठवडाभर मी उघड बोली लावतेय, आणि तू दबा धरून बसलास?"

"बू," हेंद्रो म्हणाला; आमच्या जावात बाईंना मानाने असंच म्हणतात. "चारच्या आतच आलो ना? तुम्ही तुमचा शेवटचा आकडा आधीच टाकला असता, तर मीच हरलो असतो."

"माझा शेवटचा आकडा मला तरी कुठे ठाऊक होता? समोरचा चढला की कळतो."

गिऱ्हाइकं हसली. हेंद्रो ओशाळला. "बरं, इथेच पुन्हा लिलाव करू. प्रत्येक बोलीनंतर पाच मिनिटं वाढवून; तेवढ्यात कुणी चढलं नाही, तर शेवटचा बोलणारा जिंकला."

बाई वर्तमानपत्राने वारा घेत बसल्या. पाच मिनिटं संपता संपता आकडा बोलायच्या, पुन्हा वारा घ्यायच्या.

"आता तुम्हीही शेवटच्या क्षणी?"

"मग? आधी बोलून भाव कशाला चढवू?"

भाव इतका चढला की मला माझ्याच वजनाची लाज वाटली. बघ्यांची गर्दी झाली, प्रत्येकाला कॉफी हवी. बाई आकडा बोलल्या तेव्हा हेंद्रो सात पेले सांभाळत मागच्या बाकापाशी अडकला होता. तो परत येईपर्यंत पाच मिनिटं उलटली.

"हा काही न्याय नाही, बू."

"नियम कुणाचा होता, मास?" 'दादा' म्हणावं तसं बाईंनी विचारलं.

हेंद्रोने रोपटं उपटलं आणि मला धुऊन दिलं.

आता बाईंच्या ओसरीवर दर रविवारी माझं चाक फिरतं. हेंद्रोही येतो, पण दुकान आवरून, सगळ्यांच्या शेवटी. बाई त्याला रांगेत उभं करतात, आणि उरलेला सगळा बर्फ त्याच्याच वाटीत लोटतात. मित्रांनो, आमच्यासारख्यांना जिंकून आणलंत, तर पातं पुसा, तेल घाला आणि कामाला लावा. आम्हाला तेवढंच हवं असतं.