विषय : रजेबाबत

टाचणीकाकांनी दोषारोपपत्र पुन्हा उलगडले आणि सवयीने लाल पेन्सिलीसाठी खिशात हात घातला. शेवटच्या ओळीत ‘म्हणणे’च्या जागी ‘म्हणने’ छापले होते. चूक त्यांचीच. चौदा वर्षांपूर्वी हा मसुदा त्यांनीच टंकला होता आणि तेव्हापासून ज्याच्यावर बालंट आले त्याला तो तसाच गेला होता : ‘दहा दिवसांत खुलासा न आल्यास आपले काही म्हणने नाही असे गृहीत धरण्यात येईल.’ आता तो फिरून त्यांच्याच नावाने आला होता.

“अरे, ठेव ते आता,” शेजारी बसलेले नाना पुटपुटले. नाना म्हणजे निवृत्त हेडक्लार्क, चौकशीतले काकांचे बचाव सहायक. नियम तोंडपाठ, कान मात्र थोडे जड. “साक्षीदार आत येतोय.”

साक्षीदार म्हणजे कार्यालयाच्या गाडीचा चालक. चार वर्षांपूर्वी अकरा दिवस न सांगता गैरहजर राहिला म्हणून त्याला कामावरून काढले होते. खुलासा आला नाही, म्हणजे म्हणणे नाही. तो अपिलात गेला, तेव्हा आवक नोंदवहीत त्याच्या खुलाशाची नोंद सापडली आणि तिच्यासमोर काकांची सही. कागदाचा मात्र कुठेच पत्ता नव्हता. चालक कामावर परतला आणि ‘खुलासा हेतुपुरस्सर दडवला’ असा आरोप काकांवर आला. तो सिद्ध झाला तर दीड वर्षावर आलेल्या निवृत्तीऐवजी बडतर्फी.

पंचाईत अशी की काकांना काहीच आठवत नव्हते. सही त्यांचीच, त्या पोटफोड्या ‘ष’सकट. पण कागद? घरी बायकोने सरळच विचारले होते, “तुम्ही केलंत का हो हे?” आणि इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यांना धड हो म्हणता येईना की नाही. साधा कागद टाचणीशिवाय हलू न देणारा माणूस, म्हणून तर हे नाव पडलेले. आणि आता स्वतःच्याच हातावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

चौकशी अधिकारी बाईंनी चष्मा पुसून विचारले, “यांनी तुमचा खुलासा मुद्दाम दडवला असं तुम्हाला वाटतं?”

चालकाने काकांकडे पाहिले. काकांनी टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे.

“मुद्दाम? नाही बाई,” तो म्हणाला. “मुद्दाम करायला आधी वाचावं लागतं.”

नाना कानावर हात धरून पुढे वाकले. बाईंचे पेन थांबले.

“मी कागद दिला. काकांनी वरची ओळ बघितली, ‘विषय : रजेबाबत’. शिक्का मारला, सही केली आणि रजेच्या ट्रेमध्ये टाकला. मी म्हटलं, काका, वाचा तरी. तर म्हणाले, वाचला की, विषय वाचला.”

काकांचे कान तापले. आठवले अजूनही काही नाही; पण तो आवाज त्यांचाच होता, यात शंका नव्हती. दिवसाला ऐंशी कागद. विषय बघायचा, ट्रे ठरवायचा. त्यांनाही त्यांच्या साहेबांनी हेच शिकवले होते. मग हा गुन्हा होता की काम? आपण सुटलो की अडकलो, हेही त्यांना उमगेना.

नानांना मात्र लगेच उमगले. त्यांनी टेबलाखाली काकांचा गुडघा दाबला. “हेतू गेला! सुटलास,” ते कुजबुजले, तेही साऱ्या खोलीला ऐकू जाईल असे. “आता उलटतपासणी नाही म्हणून टाक.”

“तुम्हाला साक्षीदाराला काही विचारायचं आहे?” बाईंनी काकांना विचारले. “तो तुमचा अधिकार आहे. नसेल तर तसं लिहिते.”

‘उलटतपासणी नाही.’ हे दोन शब्द काकांनी इतरांच्या चौकश्यांत शेकड्यांनी टंकले होते. ते जिभेवर आलेही. पण त्यांनी हात वर केला, वर्गातल्या मुलासारखा.

“त्या कागदात लिहिलं काय होतं?”

“अरे गाढवा!” नाना म्हणाले.

चालक गोंधळला. “आता? त्याची नक्कल नाही माझ्याकडे. पण पाठ आहे. चार वर्षं मनात तेच तर घोकत होतो.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “पण काका, त्यात तुमचं नाव आहे. मुलगी दवाखान्यात होती, तेव्हा रजेचा अर्ज मी तुमच्याच हातात दिला होता.”

नानांनी डोक्याला हात लावला.

“विचार करा,” बाई म्हणाल्या. “हे नोंदीवर येईल. मग हेतूचा प्रश्न पुन्हा उघडतो.”

काकांनी लाल पेन्सिल काढली, दोषारोपपत्रातल्या ‘म्हणने’वर रेघ मारली आणि वर नीट ‘म्हणणे’ लिहिले. मग चालकाकडे पाहून मान हलवली.

चालकाने घसा साफ केला. “विषय : रजेबा—”

“विषय राहू द्या,” काका म्हणाले. “त्याच्या खालून सांगा.”