छत्तिसावं घुंगरू

"वीस की पस्तीस, ते तुम्हीच ठरवा," डॉक्टर म्हणाले आणि कुतुबुद्दीनने मुलाकडे पाहिलं.

प्रोस्टेटच्या गाठीत कॅन्सर होता, पण नशिबाने अजून बाहेर पसरला नव्हता. कोबाल्टचे लाईट, म्हणजे किरणांचे शेक, घ्यायचे होते. शनिवार-रविवार सोडून रोज थोडा थोडा दिला तर पस्तीस वेळा, म्हणजे सात आठवडे. रोजचा डोस वाढवला तर वीस वेळांत मोकळं. "यातलं सरस कुठलं, हे अजून कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही," डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

"वीसच की, आब्बा!" मौला म्हणाला. "हुपरीवरनं रोज यष्टीनं हेलपाटं घालून जीव जायचा तुमचा."

हुपरीत चांदीचे पैंजण घडवण्यात कुतुबुद्दीनचा जन्म गेला होता. फुंकणीने ज्योत मारून बारीक घुंगरं जोडण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. आता स्वतःच्याच देहाला आच लागणार म्हटल्यावर गड्याने कारागिराचं डोकं चालवलं.

"डाक्टरसाब, एकदम जाळ मारला तर घुंगरू लवकर बसतंय, पर शेजारचं वितळायचं भ्या असतंय. मी जन्मभर थोडी थोडी आच दिली. पस्तीस करा."

बाकावर शेजारी बिद्रीचे गणपतराव बसले होते. दुखणं तेच. "आमाला न्हाय बाबा एवढा दम," ते म्हणाले. "आमचं वीसच!"

पुढच्या सोमवारी पहिला लाईट घेऊन कुतुबुद्दीन घरी आला, चहा प्यायला आणि एका नव्या पैंजणाला एक घुंगरू जोडून उठला. कुणासाठी, ते सांगेना. दुसऱ्या दिवशी दुसरं. मग घरात पायंडाच पडला, रोज एक लाईट आणि रोज एक घुंगरू.

चार आठवडे संपले. गणपतराव आपले वीस उरकून बिद्रीला गेले आणि याला मात्र लघवीच्या वेळी आग आग सुरू झाली. तेविसाव्या दिवशी यष्टीतून उतरला तो थेट अंथरुणावर पडला.

"उद्यापासनं न्हाय जाणार. बास झालं."

बायको हुसेनबीने दिवा पेटवला, फुंकणी त्याच्या हाताशी ठेवली. "अर्धा पैंजण टाकून कवा उठलाय का तुमी? मग आजच कसं उठताय?"

म्हातारा चडफडत बसता झाला. चिमटा मात्र तिने धरला. तेविसावं घुंगरू बसलं आणि सकाळी कुतुबुद्दीन मुकाट्याने यष्टीत चढला.

पस्तीस पुरे झाल्यावर त्याने पैंजणांचा जोड हुसेनबीपुढे ठेवला. चाळीस वर्षं तिच्या हातांनी पैंजण उजळले होते, सगळे दुसऱ्यांच्या पायांसाठी. तिला रडू फुटलं. डोळे पुसून तिने घुंगरं मोजली.

"अवो, डाव्यात अठरा हायत आणि उजव्यात सतरा. एक कमी पडलं की!"

"वर्सानं डाक्टर तपासणार हाय. पास झालो तर छत्तिसावं."

वर्षभर हुसेनबीने तो अपुरा जोड न घालता जपून ठेवला. मग तपासणीच्या दिवशी दवाखान्यात गणपतराव भेटले, चांगले तुकतुकीत झालेले. डॉक्टरांनी दोघांनाही नीट तपासलं. दोघांच्याही गाठी विरल्या होत्या.

"बघा, माझं विसात भागलं!" गणपतराव गरजले. "तुमी पंधरा दिस फुकट यष्टीनं हिंडलासा, पावणं!"

"फुकट कसं? पंधरा घुंगरं जास्त झाली की!"

डॉक्टर पोट धरून हसले. "सरस कुठलं, ते कळायला मला अजून दहा वर्षं तरी पाहिजेत."

"मग येतो की दोघं, दहा वर्सांनी!" कुतुबुद्दीन म्हणाला.

घरी येऊन त्याने चहासुद्धा घेतला नाही. आधी ज्योत मारली. या वेळी चिमटा त्याने स्वतःच धरला आणि छत्तिसावं घुंगरू बसवलं. हुसेनबीने जोड पायात चढवला, घागर उचलली आणि नळावर निघाली. एरवी ती चालली तर शेजारी कळायचं नाही. आज मात्र बाई पाय आपटत चालली होती. गल्लीतल्या कारागिरांच्या फुंकण्या थांबल्या. कुतुबुद्दीनने मान वर केली नाही. तो व्यापाऱ्याचा पैंजण हातात घेऊन, छुमछुम पार नळापाशी पोचेपर्यंत नुसता बसून राहिला.