शेरा : गळ्यात ताईत

त्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे मशीन आहे, फोटो वाचणारा डॉक्टर नाही. लहान मुलांचे फोटो तंत्रज्ञ हेमकांत काढतो आणि संगणकावरून पुण्याला डॉ. स्वप्नालींकडे पाठवतो. तासाभरात अहवाल येतो.

इकडच्या मुलांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईत असतो. फोटोआधी तो काढायला हवा, तशी पाटीही भिंतीवर आहे. पण आया काढू देत नाहीत. हेमकांतने दोन वर्षं वाद घातला, मग सोडून दिला. त्याऐवजी तो शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागला : गळ्यात ताईत.

"चालेल," स्वप्नाली फोनवर म्हणाल्या होत्या. "तुमच्याकडचे गोल ताईत, लांबट ताईत मी आता बघताक्षणी ओळखते. एखादा मलाही पाठवा, इथली कामं संपत नाहीत."

संगणकात आधीच्या मुलाचा शेरा तसाच राहतो. खोडला नाही तर पुढच्याच्या नावावर जातो. हेमकांत खोडत नसे. पुढच्याच्या गळ्यातही ताईत असायचाच.

मंगळवारी रांगेत सव्वीस मुलं होती. रनाळ्याची काजल दोन वर्षांच्या लखनला घेऊन आली.

"भाऊ, कालपाईन काहीच खाई नई ऱ्हायना. खोकला शे, नुसती लाळ गळी ऱ्हायनी."

"डॉक्टरले सांगं ना? मंग मले नको सांगू. हात धर त्याना."

काजल बारावी शिकलेली. रांगेत उभं असताना तिने पाटी वाचली होती आणि लखनच्या गळ्यातला ताईत काढून मुठीत धरला होता. हेमकांतने गळ्याकडे पाहिलं नाही. फोटो शेऱ्यासकट पुण्याला गेला.

अहवाल आला : फुफ्फुसं स्वच्छ. मानेच्या तळाशी गोल सावली, ताईताची. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं.

बुधवारी सकाळी नऊ वाजता काजल परत आली. लखनचा सदरा रक्ताने भिजला होता. सोबत सासू फुलवंताबाई होत्या.

"खेळानी गाडीना रिमोट उघडा पडेल व्हता," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "मधला सेल नई सापडना."

हेमकांतने कालचा फोटो उघडला. सावली नाण्याएवढी गोल होती आणि तिची कड दुहेरी होती. अशी कड बटणासारख्या सेलची असते. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून भाजायला लागतो. लखनच्या गळ्यात तो दोन दिवस होता.

नऊ चाळीसला रुग्णवाहिका धुळ्याकडे निघाली. दोंडाईचाच्या पुढे लखन गेला.

दुपारी स्वप्नालींचा फोन आला. "कड मला दिसली होती," त्या म्हणाल्या. "शेरा वाचला आणि पुढे गेले. ताईत तुम्ही पाहिला होता ना?"

"नाही."



रुग्णवाहिका परत आली तेव्हा हेमकांत दारातच उभा होता. डॉक्टरांनी त्याला आत जायला सांगितलं होतं. तो गेला नाही. काजल उतरली आणि त्याच्यासमोर थांबली. काळा दोरा तिच्या मनगटाला गुंडाळलेला होता.

"भाऊ, कालना फोटोमा काहीच नई दिसनं का?"

डॉक्टर मागून म्हणाले, "हेमकांत, आत चल."

"दिसनं व्हतं," हेमकांत म्हणाला. "मी ताईत लिखी टाका."

काजलने मनगटाकडे पाहिलं. मग ती तिथेच पायरीवर बसली.