नोव्हायमधला तो शनिवार

हेमचंद्र फाटकांनी बत्तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले. कादंबरीच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. पण डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावच्या लायब्ररीत त्यांच्या मुलीचं, आसावरीचं भाषण होतं. ती कॉलेजात फ्रेंच वाङ्मय शिकवायची. म्हणून ते जाऊन पहिल्या रांगेत बसले.

एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच वास्तववादी लेखक फार जुन्या काळात रमत नसत, असं ती सांगत होती. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची बंडं, पडलेली सरकारं त्यांच्या कादंबऱ्यांत यायची. वाचकांनी ते सगळं स्वतः पाहिलेलं असे, त्यामुळे थापा मारायची सोय नव्हती. समजा, ती म्हणाली, रस्त्यावर उठाव चाललाय आणि एक भला गृहस्थ मुलीच्या लग्नाचे पडदे वेळेवर शिवून येतील का, या काळजीत आहे. वाचक आधी त्याच्यावर चिडतो. मग त्याला आठवतं, त्या दिवशी आपण स्वतः काय करत होतो.

परत येताना गाडी हेमचंद्र चालवत होते. एका सिग्नलला त्यांनी आसावरीला विचारलं, "तुझं भरतनाट्यमचं अरंगेत्रम आठवतं?"

दोन हजार नऊचा जानेवारी. डेट्रॉइटच्या कारखान्यांवर कुऱ्हाड कोसळली होती. शुक्रवारी हेमचंद्रांनी आपल्या विभागातून कामावरून काढायच्या अकरा जणांच्या यादीवर सही केली. त्यात त्यांचा जिवलग मित्र विनय होता. शनिवारी अरंगेत्रम. विनय सकाळपासून हॉलवर खुर्च्या मांडत होता, आणि हेमचंद्रांना बर्फामुळे मृदंगवाला पोचेल की नाही याचीच चिंता होती. त्यांनी विनयला काही सांगितलं नाही. सोमवारी त्याला पत्र मिळालं. दोन महिन्यांत तो ओहायोतल्या डब्लिनला निघून गेला.

आसावरीने हे पहिल्यांदाच ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, काकांना फोन करा."

फोनवर बोलण्यासारखं हे नव्हतं. पुढच्या रविवारी ते साडेतीन तास ड्राइव्ह करून डब्लिनला गेले. विनयचे केस पार पिकले होते. हेमचंद्रांनी चहाला हात लावायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं," विनय म्हणाला. "गुरुवारीच प्रिंटरवर यादी पाहिली होती. पोरीचा कार्यक्रम होता. त्या दिवशी कशाला बोलायचं?"

हेमचंद्रांना हायसं वाटणार, इतक्यात विनयची बायको रेखा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"यांना माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं," ती शांतपणे म्हणाली. "मला नव्हतं. मी तुमच्या घरी शंभर माणसांच्या पुऱ्या लाटत होते, आणि लेकाच्या कॉलेजच्या गप्पा मारत होते. सोमवारी मला स्वतःचीच लाज वाटली."

तिची माफी मागायची, हे हेमचंद्रांच्या एवढ्या वर्षांत मनातही आलं नव्हतं. त्यांनी ती आता मागितली. माफ केलं, असं रेखाने म्हटलं नाही. ती आत गेली आणि तिने तीन पानं घेतली. तिघं जेवले, आणि बराच वेळ त्या शनिवारबद्दलच बोलत राहिले.