मास्तरीण

मरोळच्या शाळेत चौथीच्या बाईंनी विचारलं, मोठेपणी कोण होणार? ल्युसी म्हणाली, मास्तरीण. पुढच्या बाकावरची प्रेमाही तेच म्हणाली.

संध्याकाळी प्रेमा ल्युसीच्याच घरी होती. तिची आई रुक्मिणी तिथे धुणंभांडी करायची. राहायचीही त्यांच्याच वाडीतल्या खोलीत. प्रेमा विहिरीवरून पाणी आणून देत होती. ल्युसी पायरीवर बसलेली.

"माझं का चोरलंस?"

"काय चोरलं?"

"मास्तरीण मी होणार. तू दुसरं सांग काहीतरी."

"तू सांग दुसरं."

"तू आमची भांडी घासणार. तुझी आई थकली की तुला ठेवायचं, मम्मी म्हणते."

प्रेमाने हातातली बादली तिच्या अंगावर ओतली. उठताना ल्युसीचा पाय घसरला आणि ओठ फुटला.

तिची आई सेराफिना बाहेर आली. झालेलं ऐकून घेतलं आणि रुक्मिणीकडे वळली. "खोली द्या, काम द्या, वर हे. तिला म्हणायला लाव, मी मास्तरीण होणार नाही म्हणून. इथं, माझ्यासमोर. नाहीतर उद्या खोली खाली कर."

रुक्मिणीचे हात राखेने भरलेले होते. "म्हण गो," ती म्हणाली.

प्रेमाने रिकामी बादली उचलली.

"म्हण म्हणतंय ना."

"नाही."

रुक्मिणीने तिच्या थोबाडीत मारली. मग आणखी एक. राख प्रेमाच्या ओठांवर, डोळ्यांत गेली. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा प्रेमा म्हणाली, "नाही होणार."

"काय नाही होणार? नीट बोल," सेराफिना म्हणाली.

"मी मास्तरीण होणार नाही."

ल्युसी सुजलेल्या ओठाने हसली. रुक्मिणी उरलेली भांडी घासायला बसली.

खोलीवर आल्यावर तिने प्रेमाला वाढलं. प्रेमाने ताटाला हात लावला नाही.

"तोंडान म्हटलंस म्हणून काय झाला?" रुक्मिणी म्हणाली. "खोली गेली असती तर रवाचा खय?"

"तू मला मारलंस. ल्युसीसमोर."

रुक्मिणीने आपलं ताट वाढून घेतलं.

"तू लहानपणी काय सांगितलं होतंस? भांडी घासणार म्हणून?"

रुक्मिणीने घास खाली ठेवला. "माका कोणी इचारूकच नाय."

"बरं झालं. तुला 'नाही होणार' म्हणावं लागलं नाही," प्रेमा म्हणाली आणि ताट तिच्याकडे सरकवून दिलं.