डाव्या हाताची किटली

पार्सल मी स्वतः इलाइट चौराह्यावरून, कुरिअरवाल्याकडून आणलं आणि तांदळाच्या डब्यामागे लपवलं. आत किटली होती. आमच्या तेजसनं जपानहून पाठवलेली.

एक किटली घरात आधीच होती. आमचे हे, म्हणजे विद्याधर, कारखान्यात इंजिनिअर असताना ट्रेनिंगला जपानला गेले होते, तेव्हा आणलेली. लाल मातीची, ओंजळीत मावेल एवढी, आणि धरायचा दांडा एका बाजूला, कोवळ्या मुळ्यासारखा बाहेर आलेला. दांडा धरायचा, अंगठा झाकणावर, मनगट वळवलं की हिरवा चहा कपात. वीस वर्षं रोज सकाळी हे स्वतःच ओतायचे. किटलीला मला हात लावू द्यायचे नाहीत. मी इकडच्याच हिंदी मुलखातल्या गुरसराय गावची, आल्याच्या चहावर वाढलेली. मला तो चहा पालक उकडलेल्या पाण्यासारखा लागतो. पण शेवटचा थेंब ते माझ्याच कपात झटकायचे, म्हणून मी कधी बोलले नाही.

दिवाळीआधी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. जीभ वाचली, पाय सावरला, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. डॉक्टरांनी मला आणि जपानहून धावत आलेल्या तेजसला बाहेर बोलावून सांगितलं, हा हात आता येणार नाही. ह्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. होळी झाली तरी मी सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी हे डाव्या हातानं उजवा उचलून दांड्यावर ठेवायचे. बोटं घसरायची.

"आज कालच्यापेक्षा बरं आहे, नाही का?"

"हो तर," मी म्हणायचे.

तेजस फोनवर मागे लागला. "आई, डाव्या हातासाठी मुद्दाम करून घेतलीय. दे ना बाबांना."

"देते रे. मुहूर्त बघतेय."

"आई, मुहूर्त कसला!"

शेवटी त्यानं परस्पर बाबांनाच विचारलं, पार्सल मिळालं का. मी भाजी घेऊन आले तर खोकं ह्यांच्या मांडीवर, चिकटपट्टी दातांनी तोडलेली.

"हिचा दांडा उलट्या बाजूला बसवलाय," हे म्हणाले. "डिफेक्टिव्ह पीस. परत पाठव."

हो म्हटलं असतं, तर आणखी एक महिना निघाला असता.

"डिफेक्टिव्ह नाही, अहो. डाव्या हातानं ओतणाऱ्यांसाठी तशीच करतात."

ते झाकण फिरवत राहिले. फिरवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दवाखान्यापासून."

"मग अमितजी रोज येऊन काय करतात?"

अमितजी व्यायाम करून घ्यायला येतात. रोज "अंकल जी, बहुत बढ़िया!" म्हणून जातात.

"हात आखडू नये म्हणून..."

"म्हणजे मेंटेनन्स," हे म्हणाले. "रिपेअर नाही."

एरवी मी हसले असते.

नवी किटली त्यांनी एका हातानं खोक्यात ठेवली. कागद नीट बसेना. मी पुढे झाले तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. बराच वेळ लागला, पण त्यांनीच बसवला.

"हिचं उद्या बघू. आज जुनीत कर. आणि तूच ओत."

मी दांडा धरला, अंगठा झाकणावर ठेवला, मनगट वळवलं. चहा सरळ कपात पडला, एक थेंब बाहेर नाही. हे माझ्या हाताकडे बघत होते. मला माझ्या त्या चालत्या हाताची लाज वाटली.